सगळं खापर लांडग्यांवर कशाला? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

मूस (उत्तर अमेरिका, युरोपातलं अवाढव्य हरीण) का घटले यावरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. "लांडगे वाढले म्हणून मूस घटले, एवढी साधी गोष्ट, उगाच गोचीड न हवामान घुसडून लेख लांबवलाय, आधी शिकार बंद करा" असं तुमचं म्हणणं. लांबवल्याचं मान्य, जुनी खोड आहे :) आणि लांडग्यांना मी दोन ओळींत उरकलं हेही खरंय, अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात मूसची पिल्लं मारण्यात त्यांचा वाटा मोठा आहे, ते लिहायला हवं होतं.

पण मग ईशान्य अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्याचं काय करायचं? तिथे लांडग्यांचे कळपच नाहीत, तरी मूस घटले. तिथला मारेकरी म्हणजे हिवाळी गोचीड. थंडीच्या आधी याची बारीक पिल्लं झुडपांवर घोळक्याने टपून बसतात, मूस घासून गेला की चिकटली, आणि मग अख्खा हिवाळा त्याच एका अंगावर. २०१४ ते २०१६ मधे तिथे आणि शेजारच्या मेनमधे माग काढायला गळ्यात रेडिओ कॉलर लावलेल्या मूसच्या पिल्लांपैकी साधारण ७० टक्के मेली, एकेका पिल्लावर सरासरी ४७ हजारांच्या आसपास गोचीड! रक्त किती उरणार हो? आता हवामान मधे का आणलं ते सांगतो, बर्फ उशिरा पडला की या गोचिडांना टपून बसायला जास्त दिवस मिळतात आणि वसंतात रक्त पिऊन टम्म झालेली मादी खाली पडते ती बर्फावर पडली तर बहुतेक मरते, कोरड्या जमिनीवर पडली तर अंडी घालते. बस, एवढंच.

आइल रॉयलचं (लेक सुपीरियर या अमेरिकेतल्या मोठ्या सरोवरातलं बेट) तुम्ही दिलेलं उदाहरण चांगलं आहे पण अर्धं आहे. २०१८-१९ मधे तिथे १९ लांडगे आणून सोडले आणि २०१९ ला दोन हजारांच्या घरात असलेले मूस २०२३ पर्यंत निम्म्यावर आले, बरोबर. पण त्याआधी एवढे मूस वाढून त्यांनी बाल्सम फरची (सूचिपर्णी) झाडं ओरबाडून ठेवली होती, कित्येक मूस उपासमारीने मेले. आणि १९९६ चं काय? १९८० च्या सुमारास कुत्र्यांचा पार्वो व्हायरस बेटावर पोचला, लांडगे ५० वरून १४ वर, मग मूस वाढत वाढत १९९५ ला २४०० च्या आसपास गेले आणि एका कडक हिवाळ्यात धाडकन ५०० वर. तेव्हा लांडगे मोजकेच होते, त्यांनी थोडेच एका हिवाळ्यात जवळपास दोन हजार मूस खाल्ले?

तुमच्या बाजूने बोलायचं तर कॅनडातलं न्यूफाउंडलंड बेट घ्या, १९०४ ला चार मूस आणून सोडले, पुढे लांडगे नामशेष झाले, आज लाखभर मूस. स्वीडनमधेही शिकारी प्राणी जवळपास संपले होते, पण तिथे जंगलं सरसकट तोडल्यावर उगवलेली कोवळी पाइनची झाडं हे मोठं कारण, १९८२ ला एका वर्षात पावणेदोन लाखांच्या आसपास मूस मारले, तरी शिल्लक होतेच.

मिनेसोटात अजून एक भानगड आहे, पांढऱ्या शेपटीच्या छोट्या हरणांकडून गोगलगाईमार्फत येणारा मेंदूतला जंत. त्या हरणाला काही होत नाही, मूस गोल गोल फिरत मरतो.

राहिलं शिकारबंदीचं. मिनेसोटाने २०१३ ला केली, पूर्वीचा आकडा काही परत आला नाही. मेनने उलट केलं, २०२१ पासून एका भागात माद्यांच्या शिकारीला जास्त परवाने दिले, कारण मूस दाट झाले की गोचिडांची चंगळ होते.