सुट्या भागांची पूर्ण नावे लिहायला काय होते?

"आय फाइव्ह प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक्स कार्ड, ५०० वॉट एसएमपीएस, आरजीबी कॅबिनेट." गेमिंग कॉम्प्युटरचे कोटेशन म्हणून आमच्या सिंधुदुर्गातल्या मुलांच्या हातात एवढाच मजकूर ठेवला जातो. त्याखाली एक भलीमोठी रक्कम लिहिलेली असते आणि दोन दिवसांत आगाऊ पैसे भरले नाहीत तर भाव वाढेल, अशी भीतीही घातली जाते. या सगळ्या मजकुरात विकत घेता येईल अशा एकाही वस्तूचे नाव नाही. ओळखीतली मुले हे कागद माझ्याकडे घेऊन येतात, "काका, ह्या जरा बघा" म्हणतात, आणि प्रत्येक वेळी माझे डोके फिरते. हे पैसे त्यांनी आंब्याच्या हंगामात बागेत पेट्या भरून, मे महिन्यात कोणाच्या तरी होमस्टेत राबून साठवलेले असतात. त्या पैशांच्या बदल्यात नेमके काय मिळणार हे त्यांना लेखी सांगण्याची तसदी कोणी घेत नाही, आणि याचाच मला संताप येतो.

"आय फाइव्ह" हे प्रोसेसरचे नाव इंटेल कंपनीने २००९ मध्ये आणले. त्या नावाखाली आजवर इतक्या पिढ्या होऊन गेल्या आहेत की पिढी आणि मॉडेल क्रमांक सांगितल्याशिवाय त्या शब्दाला काहीही अर्थ उरत नाही. तरीही २०१२ सालचा तिसऱ्या पिढीचा जुना प्रोसेसर एच ६१ चिपसेटच्या जुन्या मदरबोर्डावर (सगळे भाग जोडणाऱ्या मुख्य पाटीवर) बसवायचा, त्याभोवती काचेचे नवे कोरे कॅबिनेट आणि रंगीत पंखे लावायचे आणि "गेमिंग पीसी" म्हणून विकायचा, हा धंदा राजरोस चालू आहे. विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ इतके जुने प्रोसेसर अधिकृतपणे स्वीकारत नाही, आणि व्हॅलोरंटसारखा ऑनलाइन खेळ त्या विंडोजवर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या सोयी मागतो, ज्या दोन्ही या बोर्डांवर सहसा नसतात. म्हणजे ज्या खेळासाठी मुलगा पैसे साठवतो आहे, त्याच खेळाच्या दारात त्याला अडवले जाणार आहे. विकणाऱ्याला हे पक्के ठाऊक असते, आणि तो गप्प बसतो.

ग्राफिक्स कार्डाच्या बाबतीत तर फसवणुकीची सुरुवात दुकानाच्या फार आधी, कंपनीच्याच कचेरीत होते. जीटी १०३० हे कार्ड ग्राफिक्स चिपा बनवणाऱ्या एनव्हिडियाने २०१७ मध्ये जीडीडीआर५ मेमरीसह आणले आणि पुढच्या वर्षी त्याच नावाने डीडीआर४ मेमरी लावलेले दुसरे कार्ड बाजारात सोडले. मेमरीचा वेग सेकंदाला ४८ गिगाबाइटवरून सुमारे १७ गिगाबाइटवर आला, पण नावात एक अक्षर बदलले नाही. आरटीएक्स ३०५० चे तेच झाले. २०२२ च्या ८ जीबी कार्डात २५६० कोअर (आकडेमोड करणारे घटक) आणि १२८ बिटांची मेमरी बस (मेमरीपर्यंतचा रस्ता, जितका रुंद तितका वेगवान) होती, तर २०२४ मध्ये आलेल्या ६ जीबी कार्डात २३०४ कोअर आणि ९६ बिटांची बस आहे. ग्राहकाला वाटते की फरक फक्त दोन जीबीचा आहे. प्रत्यक्षात त्याला दुसरेच, हळू कार्ड दिलेले असते. प्रोसेसर बनवणारी एएमडीही यात मागे नाही. तिच्या रायझन ७ ५७०० एक्स मध्ये ३२ एमबी एल ३ कॅश (प्रोसेसरच्या आतली जलद मेमरी) आणि पीसीआय एक्सप्रेस ४.० (ग्राफिक्स कार्ड जोडणारा मार्ग) आहे, शेवटचा "एक्स" गळालेल्या ५७०० मध्ये १६ एमबी कॅश आणि पीसीआय एक्सप्रेस ३.० आहे. कणकवलीच्या दुकानात कोटेशन लिहिताना तो एक्स लिहायचा राहिला, असे सांगितले तर कोण कोणाला जाब विचारणार?

हे टाळता येत नाही असे कोणी मला सांगू नये. २०२२ च्या सप्टेंबरात एनव्हिडियाने आरटीएक्स ४०८० या एकाच नावाखाली १२ जीबी आणि १६ जीबी अशी दोन कार्डे जाहीर केली, ज्यांच्या कोअरच्या संख्येत दोन हजारांहून अधिक फरक होता. जगभरातून एवढी ओरड झाली की ऑक्टोबरमध्ये कंपनीला १२ जीबीचे कार्ड मागे घ्यावे लागले. जानेवारी २०२३ मध्ये तेच आरटीएक्स ४०७० टीआय या नावाने आणि शंभर डॉलर कमी किमतीने आले. महागड्या कार्डांच्या गिऱ्हाइकांसाठी कंपनी वाकली, मग स्वस्त कार्डांच्या गिऱ्हाइकांना तोच न्याय का मिळू नये? जीटी ७३० हे २०१४ सालचे कार्ड, ज्याचे मुळापासून वेगळ्या चिपांचे प्रकार एकाच नावाने विकले गेले, आजही "४ जीबी ग्राफिक्स" म्हणून खपवले जाते, कारण ४ हा आकडा २ पेक्षा मोठा दिसतो. मंद डीडीआर३ मेमरी कितीही जीबी लावली तरी ते कार्ड आजचे खेळ चालवू शकत नाही, हे सांगणारा माणूस त्या काउंटरमागे बसत नाही.

आता एसएमपीएसकडे, म्हणजे कॉम्प्युटरच्या सगळ्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्याकडे वळतो, कारण इथे प्रश्न फक्त पैशांचा नसून यंत्राच्या जिवाचा आहे. सुट्या भागांबद्दलचा बहुतेक सल्ला वातानुकूलित खोल्यांत, स्थिर विजेवर काम करणाऱ्या माणसांकडून येतो आणि त्यात एसएमपीएसला शेवटची एक ओळ मिळते. आमच्याकडे मृगाच्या आधीच्या वळवात आणि परतीच्या पावसात विजा कडाडतात, माडाची झावळी तारेवर पडते, वीज जाते, येते, पुन्हा जाते, आणि येताना व्होल्टेज किती असेल याचा भरवसा नसतो. अशा ठिकाणी एसएमपीएस हा सर्वांत आधी आणि सर्वांत काळजीपूर्वक निवडायचा भाग आहे. कोटेशनवर मात्र "५०० वॉट" एवढेच असते. खोके उघडून लेबल वाचले तर १२ व्होल्टच्या रकान्यात १८ अँपिअर लिहिलेले आढळते, म्हणजे प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड ज्या रेलवर (वीज पुरवणाऱ्या वाहिनीवर) चालतात तिथे मिळणार २१६ वॉट. बाकीचे वॉट कुठे गेले, असे विचारले तर दुकानदार म्हणतो, "काय फरक पडना नाय." फरक पडतो. असल्या एसएमपीएसमध्ये अतिरिक्त विद्युतप्रवाह रोखणारे संरक्षण बहुधा नसतेच, आणि तो जळताना मदरबोर्डाला सोबत घेऊन जाऊ शकतो. ८० प्लसचा शिक्का बघून निश्चिंत होणाऱ्यांनाही हे कोणी सांगत नाही की तो शिक्का फक्त वीज किती वाया जाते ते मोजतो, संरक्षणाबद्दल तो एक शब्दही बोलत नाही.

त्याच्या जोडीला ६०० व्हीएचा यूपीएस दिला जातो. तो साधारण ३६० वॉट पेलतो, हे कोणी सांगत नाही. स्वस्त यूपीएसची लहर खरी साइन वेव्ह, म्हणजे घरच्या विजेसारखी गुळगुळीत लहर, नसते आणि अॅक्टिव्ह पीएफसी (वीज समतोल खेचणारी रचना) असलेले काही चांगले एसएमपीएस नेमक्या बॅटरीवर जाण्याच्या क्षणी त्यामुळे बंद पडतात, हेही कोणी सांगत नाही. वीज गेली की मशीन बंद पडणारच असेल तर त्या यूपीएसचे पैसे कशासाठी घेतले?

अर्थिंगची गोष्ट तर त्याहून चीड आणणारी आहे. सड्यावर, जांभ्याच्या कातळावर बांधलेल्या किती घरांत अर्थिंग नावापुरतेच असते, हे इथला प्रत्येक वायरमन जाणतो. वैशाखात खड्ड्यात पाणी घातले नाही तर उरलेसुरलेही जाते. अर्थिंग नसेल तर एसएमपीएसच्या आतल्या फिल्टरमधून कॅबिनेटच्या पत्र्यावर साधारण निम्म्या व्होल्टेजची गळती येते. प्रवाह अगदी थोडा असतो, पण हाताला झिणझिण्या येतात आणि घरातली माणसे घाबरून मुलाचे मशीनच बंद करायला लावतात. एवढी मोठी रक्कम घेणाऱ्याने "तीन पिनांचे अर्थिंग तपासून घ्या" ही एक ओळ कागदावर लिहिली तर त्याचे काय बिघडणार आहे?

खाऱ्या वाऱ्याचा विचार तर देशातल्या कुठल्याच विक्रेत्याच्या डोक्यात येत नाही. मालवण, वेंगुर्ले, देवगड इथल्या किनाऱ्यालगतच्या घरात मिठाचे कण उघड्या खिडकीतून आत येतात, पावसाळ्यातली ओल ते धरून ठेवतात, आणि रॅमच्या खाचेत, पंख्याच्या पिनांवर, तांब्याच्या बारीक रेघांवर हिरवट बुरा चढतो. कॅबिनेट निवडताना पत्र्यावरचा रंग किती जाड आहे, जाळीमागे काढून धुता येईल असे फिल्टर आहेत का, हे आमच्यासाठी पहिले प्रश्न आहेत. त्यांची उत्तरे खोक्यावर कुठेही छापलेली नसतात. रंगीत दिवे किती आहेत ते मात्र ठळक अक्षरांत असते.

भाग बिघडला की ज्या कंपन्यांचे सेवा केंद्र मोठ्या शहरातच असते त्या तुम्हाला तो तिकडे पाठवायला सांगतात, आणि ग्राफिक्स कार्ड मुंबईला पोचवण्याचा खर्च बहुधा ग्राहकाच्याच माथी येतो. मे महिन्यात मुलाने ग्राफिक्स कार्डाची वाट बघत बसायचे आणि पाऊस लागला तरी उत्तर नाही, हे मी पाहिले आहे. त्यातही बिलावर अनुक्रमांक लिहिलेला नसेल तर वॉरंटीचा दावा करणे अवघड होते, म्हणून बिल घेताना मी आता सर्वांना हटून बसायला सांगतो: प्रोसेसरचा पूर्ण मॉडेल क्रमांक, ग्राफिक्स कार्डाच्या मेमरीचा प्रकार आणि बस, रॅमच्या पट्ट्या एक की दोन, एसएमपीएसची कंपनी आणि १२ व्होल्टचे अँपिअर, आणि प्रत्येक भागाचा अनुक्रमांक. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने वस्तूचा दर्जा, प्रमाण आणि किंमत यांची माहिती मिळण्याचा हक्क आम्हाला दिलेला आहे. हे मागताना दुकानदारापुढे ओशाळण्याचे काही कारण नाही. जो लिहून देत नाही त्याच्याकडून रॅमची एक पट्टीसुद्धा घेऊ नका, मग तो नात्यातला का असेना.

आणि वॉरंटीच्या बारीक अक्षरांत "गंज आढळल्यास दावा अमान्य" असे लिहून कोकणात माल विकणाऱ्या कंपन्यांना माझे एवढेच सांगणे आहे की ते वाक्य खोक्याच्या दर्शनी बाजूला, किमतीच्या शेजारी, तितक्याच मोठ्या अक्षरांत मराठीत छापा. मग आमचा माणूस ते खोके उचलतो की नाही, ते तुम्हाला दिसेल.