लिंकनला उगाच नापास करणारा फॉरवर्ड

रविवारी सकाळी भाऊजींनी फॅमिली ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकला आणि खाली माझ्या भाच्याला, म्हणजे स्वतःच्याच मुलाला, टॅग करून लिहिलं, "वाच. मग ठरव." पोरगा २९ वर्षांचा आहे. राज्यसेवेचे पाच अटेम्प्ट झाले, दोनदा मेन्सला जाऊन आला, एकदा अगदी थोडक्यात हुकलं, आणि मागच्या महिन्यात त्याने घरी सांगितलं की आता बास, पेठेतली खोली सोडतो आणि जॉब बघतो. हे वाक्य घरी बोलायला त्याला किती दिवस लागले ते मला माहितीये, कारण त्याची रंगीत तालीम माझ्याबरोबर फोनवर झाली होती. आणि त्यावर बापाचं उत्तर काय, तर अब्राहम लिंकन.

फॉरवर्ड तुमच्याकडेही येऊन गेला असेल. १८१६ घरातून हाकललं. १८१८ आई वारली. १८३१ धंद्यात अपयश. १८३२ निवडणूक हरला, नोकरी गेली, लॉ कॉलेजला ॲडमिशन मिळाली नाही. १८३३ दिवाळखोर. १८३५ प्रेयसीचा मृत्यू. १८३६ नर्व्हस ब्रेकडाऊन, सहा महिने अंथरुणाला खिळून. मग १८३८, ४०, ४३, ४८, ४९, ५४, ५६, ५८ अशी पराभवांची मालगाडी आणि शेवटच्या डब्यात १८६०, राष्ट्राध्यक्ष! खाली उगवता सूर्य आणि "तो थांबला नाही, मग तुम्ही का थांबता?"

आधी माझं पाप कबूल करते. कॉलेजात असताना हीच यादी घडाघडा म्हणून मी वक्तृत्व स्पर्धेत ढाल मिळवली होती. बक्षीस देताना परीक्षक बाई हळूच म्हणाल्या, बोललीस छान, पण लिंकनने स्वतः काय लिहिलंय ते एकदा वाच. ते वाचायला मला दहा वर्षं लागली, पण वाचलं.

तर लिंकनने स्वतःबद्दल जरा नीट असं दोनदा लिहिलंय. एकदा डिसेंबर १८५९ मध्ये, जेसी फेल नावाच्या इलिनॉय या त्याच्याच राज्यातल्या मित्राने मागितलं म्हणून छोटंसं, आणि दुसऱ्यांदा जून १८६० मध्ये, प्रचारासाठी चरित्र लिहिणाऱ्या जॉन स्क्रिप्स या पत्रकाराला थोडं मोठं, तेही 'मी' न म्हणता तृतीयपुरुषात. दोन्ही छापलेले आहेत, नेटवर फुकट आहेत, चहा गार व्हायच्या आत वाचून होतात. पहिल्यात १८३२ च्या विधानसभेच्या पराभवाबद्दल तो सांगतो की लोकांनी मला हरवलं असं आयुष्यात हे एकदाच झालं. एकदाच. फॉरवर्डवाल्यांची अख्खी मालगाडी त्या एका वाक्यावर रुळावरून घसरते.

आणि तो एक पराभव तरी कसा? २३ वर्षांचा पोरगा, न्यू सेलम नावाच्या खेड्यात येऊन जेमतेम वर्ष झालेलं, त्यात ब्लॅक हॉक युद्धात (तिथल्या मूळ रहिवाशांविरुद्धची लढाई) गेल्यामुळे प्रचाराला वेळच मिळाला नाही. १३ उमेदवारांत आठवा आला. पण त्याच्या स्वतःच्या गावच्या केंद्रावर साधारण ३०० पैकी २७७ मतं त्याला पडली. शिवाय त्याच युद्धात तुकडीतल्या पोरांनी त्याला आपला कॅप्टन म्हणून निवडून दिलं, आणि त्या यशाइतका आनंद नंतर कशातच झाला नाही असं तो १८५९ सालीही लिहितो. पुढे दोन वर्षांनी तो निवडून आला, मग १८३६, १८३८ आणि १८४० ला पण. म्हणजे लागोपाठ चार वेळा. कॅप्टनकी यादीत नाही आणि हे चार विजयही नाहीत, कारण मग रडायला येणार नाही ना.

आता त्या १८३६ कडे येते. भाऊजींच्या फॉरवर्डमधली मला सगळ्यात जास्त टोचलेली ओळ ती आहे. सहा महिने अंथरुणाला खिळून. कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत, जरा सांगाल का? फेब्रुवारीत लिंकन पीटर्सबर्ग गावाची मोजणी आणि आखणी करत होता, तो तेव्हा सर्व्हेअरचं काम करायचा. जूनमध्ये वर्तमानपत्रात पत्र देऊन त्याने उमेदवारी जाहीर केली, आणि जे गोरे कर भरतात किंवा शस्त्र धरतात त्या सगळ्यांना मताचा हक्क हवा, बायकांनासुद्धा, असं त्यात लिहिलं (गोरे हा शब्द त्यात आहे, तो खाऊन टाकायचा नाही). ऑगस्टमध्ये निवडणूक जिंकला, आणि सॅंगमन काउंटीतल्या विजयी उमेदवारांत सगळ्यात जास्त मतं घेऊन. सप्टेंबरमध्ये वकिलीचं लायसन्स मिळालं. नोव्हेंबरमध्ये परत एका गावाची मोजणी. डिसेंबरमध्ये राज्याच्या तेव्हाच्या राजधानीत, वँडेलियाला, अधिवेशनात हजर, आणि तिथे त्याने व त्याच्या जिल्ह्यातल्या आठ साथीदारांनी, हे नऊही जण उंच म्हणून त्यांना 'लाँग नाइन' म्हणायचे, मिळून राजधानी स्प्रिंगफील्डला हलवायचा घाट घातला आणि १८३७ च्या फेब्रुवारीत तो तडीस नेला. ह्यात सहा महिने झोपायला अंथरूण घालायचं कुठे? त्याची उपस्थिती, कोर्टातली कामं, पत्रं यांची तारीखवार नोंद अभ्यासकांनी छापून ठेवलीये, हे काही गुपित नाही.

बरं, अगदीच काही नव्हतं का? होतं. नाइलाजाने मान्य करते. १८३५ च्या ऑगस्टमध्ये ॲन रटलेज, म्हणजे यादीतली प्रेयसी, वारली, बहुतेक टायफॉइडने, आणि तिच्या जाण्याने तो खचला होता असं गावातल्या लोकांनी नंतर सांगितलं. १८३६ च्या डिसेंबरमध्ये मेरी ओवेन्स या मैत्रिणीला लिहिलेल्या पत्रात आजारी होतो, इथे करमत नाही अशी कुरकुर आहे. आणि खरा खड्डा आला तो १८४१ च्या जानेवारीत, मेरी टॉडशी ठरलेलं मोडल्यावर. तेव्हा त्याने जॉन स्टुअर्ट या आपल्या वकिलीतल्या भागीदाराला लिहिलं की आत्ता जिवंत असलेल्यांत माझ्याइतका दुःखी माणूस नसेल. काही दिवस तो विधानसभेतही गेला नाही. पण मग परत गेला, कामाला लागला, आणि १८४२ मध्ये त्याच मेरीशी लग्न केलं.

हा तपशिलाचा हट्ट नाहीये. उदासी त्याला आयुष्यभर चिकटलेली होती आणि ती घेऊन तो कामं करत होता, मित्रांना पत्रं लिहून सांगत होता. फॉरवर्डने त्याचं काय केलं, तर एका वर्षाच्या खणात कोंबलं, सहा महिने झोपवलं आणि मग उठून पळायला लावलं, जणू ब्रेकडाऊन म्हणजे प्रीलिम्स, एकदा काढली की पुढे मेन्स. गेल्या दिवाळीत भाचा आमच्याकडे चार दिवस होता आणि चारही रात्री झोपला नाही. भाऊजींना हे माहीत नाही. आता माहीत झालं.

लॉ कॉलेजची ॲडमिशन. ह्यावर हसू की रडू कळत नाही. १८६० च्या त्या मजकुरात लिंकन लिहितो की सगळं मिळून त्याचं शिक्षण एक वर्षसुद्धा भरणार नाही, आणि वकिलीचं लायसन्स हातात पडेपर्यंत त्याने कुठल्या कॉलेजच्या इमारतीत पाऊलही ठेवलं नव्हतं. ॲडमिशन नाकारायला आधी अर्ज तर करावा लागतो! तेव्हा तिकडे बहुतेक लोक पुस्तकं वाचून आणि कोणा वकिलाच्या ओळखीने वकील व्हायचे. लिंकनने स्टुअर्टकडून पुस्तकं उसनी आणली, वाचली, झाला वकील. अर्धं सत्य एवढंच की १८३२ मध्ये तो लोहारकाम शिकावं की कायदा अशा विचारात होता, आणि आपल्या शिक्षणावर कायदा जमणार नाही असं त्याला वाटलं होतं. वाटलं होतं. कोणी हाकललं नव्हतं.

धंद्याचं खरं आहे, साल सोडून. १८३१ ला तो न्यू सेलमला आला आणि दुसऱ्याच्या दुकानात कारकून होता, ते दुकान बुडालं म्हणून काम गेलं. नंतर बेरी नावाच्या भागीदाराबरोबर स्वतःचं दुकान काढलं, तेही बसलं, आणि १८३५ मध्ये बेरी वारल्यावर सगळं कर्ज ह्याच्या डोक्यावर आलं. त्याला तो गमतीने राष्ट्रीय कर्ज म्हणायचा. वसुलीत घोडा आणि मोजणीची उपकरणं लिलावात गेली, ती एका शेजाऱ्याने विकत घेऊन त्याला परत दिली. मला विचाराल तर फॉरवर्ड करायचाच असेल तर त्या शेजाऱ्याचा करा. कर्ज लिंकनने वर्षानुवर्षं फेडलं. आणि ज्या १८३३ मध्ये तो म्हणे दिवाळखोर झाला, त्याच वर्षी तो गावचा पोस्टमास्तर झाला होता.

लहानपणाचं पटकन उरकते. १८१६ ला केंटकी सोडलं ते जमिनीच्या मालकीच्या भानगडींमुळे आणि काही अंशी तिथल्या गुलामगिरीमुळे, हे त्यानेच लिहिलंय, आणि तेव्हा तो सात वर्षांचा होता. आई १८१८ मध्ये खरंच वारली, विषारी झुडूप खाल्लेल्या गायीच्या दुधातून होणाऱ्या आजाराने. ते दुःखच आहे, पण आई मरणं हे अपयशाच्या यादीत कसं काय येतं हे मला यादी करणाऱ्याने समोर बसून समजवावं.

आता मालगाडीचे बाकीचे डबे. १८३८ ला सभापतीपद हरला, बरोबर, पण उमेदवारी मिळाली कारण तो व्हिग या आपल्या पक्षाचा सभागृहातला पुढारी होता. १८४० चा इलेक्टर, म्हणजे राष्ट्राध्यक्ष निवडणारा राज्याचा प्रतिनिधी, तर त्यात व्हिगांचा उमेदवार हॅरिसन याच्या बाजूने उभं राहायचं होतं, इलिनॉयमध्ये हॅरिसन पडला म्हणून त्याचे सगळेच इलेक्टर पडले, आणि तोच हॅरिसन देशात जिंकला. १८४३ ला काँग्रेससाठी, म्हणजे अमेरिकेच्या संसदेसाठी, पक्षाचं तिकीट मिळालं नाही, निवडणूक हरला नाही. १८४६ ला पीटर कार्टराइट नावाच्या धर्मोपदेशकाला पाडून काँग्रेसमध्ये गेला. १८४८ ला हरला म्हणतात, तर तो उभाच नव्हता. पक्षात आळीपाळीने जागा द्यायचं ठरलं होतं, त्याने आपली पाळी संपवली आणि पुढचा उमेदवार पडला. दुसऱ्याचा पराभवसुद्धा ह्याच्या नावावर!

१८४९ ला सरकारी जमीन खात्याचं मोठं पद हुकलं ते खरं, पण त्याऐवजी ओरेगनचं गव्हर्नरपद देऊ केलं होतं, त्याने नाकारलं. त्याच वर्षी मे महिन्यात त्याला पेटंट मिळालं, उथळ पाण्यात अडकलेली बोट वर उचलण्याच्या युक्तीसाठी. पेटंट असलेला अमेरिकेचा तो एकमेव राष्ट्राध्यक्ष आहे. हे कोणी फॉरवर्ड करत नाही.

१८५६ च्या पक्षाच्या अधिवेशनातल्या उपाध्यक्षपदाच्या उमेदवारीत "१०० हून कमी मतं" लिहिलंय. ११० होती, आणि तो तिथे गेलेलासुद्धा नव्हता. सिनेटचे, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहाचे, दोन पराभव तेवढे खरे आहेत आणि ते त्याला लागले होते, हे मी लपवत नाही. पण तेव्हा सिनेटर जनता निवडत नव्हती, राज्याचं विधिमंडळ निवडायचं. पहिल्या वेळी, १८५५ च्या फेब्रुवारीत (यादीतलं साल इथेही चुकलंय), पहिल्या फेरीत ४४ मतं घेऊन तोच पुढे होता, पण नको तो माणूस येतोय म्हटल्यावर त्याने आपली मतं ट्रंबुल या दुसऱ्या उमेदवाराकडे वळवली आणि गुलामगिरीच्या विस्ताराविरुद्धचा माणूस निवडून आणला. १८५८ ला डग्लस या प्रतिस्पर्ध्याबरोबर सात जाहीर वादविवाद झाले, राज्यात मतं लिंकनच्या पक्षाला थोडी जास्त पडली, पण विधिमंडळात ५४ विरुद्ध ४६ ने डग्लस आला.

आणि आता "तो थांबला नाही". भाऊजी, हे जरा नीट वाचा. काँग्रेसमधून परत आल्यावर लिंकन थांबला होता! १८४९ ते १८५४ तो मनापासून वकिली करत होता, आणि स्वतःच लिहितो की राजकारणातला रस जात चालला होता, व्यवसायापुढे राजकारणाचा विचार मनातून जवळजवळ मागे पडला होता. परत आला तो १८५४ मध्ये, डग्लसच्या कान्सास-नेब्रास्का कायद्याने नव्या प्रदेशांत गुलामगिरीला दार उघडलं तेव्हा. जिद्दीने सातवा अटेम्प्ट भरला नव्हता त्याने, एक कारण समोर आलं होतं. तोपर्यंत त्याच्याकडे स्प्रिंगफील्डमध्ये स्वतःचं घर होतं, हर्नडनबरोबर चालती फर्म होती, रेल्वे कंपनीची कामं होती. १८५७ मध्ये एका केसची ५००० डॉलर फी रेल्वेने थकवली म्हणून त्याने रेल्वेवरच दावा लावून ती वसूल केली. हा माणूस खोलीभाडं वडिलांकडून मागवून निवडणुका लढवत नव्हता. पराभव परवडायचे त्याला, कारण दुसऱ्या दिवशी कोर्टात जायचं असायचं.

फॉरवर्डच्या शेवटी हेडमास्तरांना लिहिलेल्या पत्राचा उल्लेख आहे. त्याला मी आज हात लावत नाही, वसंत बापटांचं मराठी इतकं सुंदर आहे की त्याविरुद्ध बोलले तर माहेरी जेवायला मिळणार नाही. फक्त एवढंच की लिंकनच्या छापलेल्या समग्र लेखनात ते पत्र नाही. त्यावर गणपतीत भांडू.

तर भाऊजी, पेठेतल्या खोलीचं डिपॉझिट शनिवारी परत मिळतंय. पुस्तकांचे चार खोके आहेत आणि एक लोखंडी कॉट. तुम्ही गाडी घेऊन जाल का तेवढं आज रात्रीपर्यंत कळवा, नाहीतर मी जाते.