पॉलिसी कुणी रद्द केली, आधी ते बघा

दादा, गाडीचा विमा मुदतीआधी रद्द झाला तर हप्त्याचे किती पैसे परत मिळतात, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. "तुमचा लेख वाचून एजंटाशी भांडलो आणि तोंडघशी पडलो. 73 दिवसांनी कंपनीनं पॉलिसी रद्द केली, 14,600 पैकी 8,760 च मिळतील म्हणतात. लोकांना आशेला लावू नका. आणि एवढ्यासाठी जालन्याहून पुण्याला हेलपाटे कोण घालणार?" तुमचा राग रास्त आहे, आणि एक चूक माझी आहेच. क्लेम घेतलेला असेल तर स्वतःहून पॉलिसी बंद करणाऱ्याला परतावा मिळत नाही, हे मी लिहायला हवं होतं. आज लेखात ते घातलं आहे.

बाकीचं मात्र मागे घेणार नाही. तुमचाच आकडा घ्या. वर्षाचा हप्ता 14,600 भागिले 365, म्हणजे दिवसाला 40 रुपये. 73 दिवसांचे 2,920 कंपनीचे, उरलेले 11,680 तुमचे. मग 8,760 आले कुठून? जुन्या शॉर्ट पिरियड तक्त्यातून. दोन महिने उलटले, तीन व्हायचेत, तर 40 टक्के कंपनीनं ठेवायचे, असा तो तक्ता. पण तो होता ग्राहकानं आपणहून पॉलिसी बंद केली तर. कंपनीनं रद्द केली तर सात दिवसांची नोटीस आणि राहिलेल्या दिवसांचे पैसे परत, हे मोटार पॉलिसीच्या अटींत छापलेलंच असतं. त्यात आयआरडीएआयच्या, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या, जून 2024 च्या मास्टर सर्क्युलरनं (परिपत्रकानं) वर्षभराच्या पॉलिसीवर क्लेम नसेल तर ग्राहकानं बंद केली तरी दिवसांच्या प्रमाणातच पैसे द्यायला सांगितलं आहे. आणि कंपनीला रद्द करायची मुभा आहे ती फसवणूक सिद्ध झाली तरच. तुमच्यावर तसा ठपका असेल तर तो लेखी मागा.

आता मला सांगा, तुम्ही कुठल्या कागदावर सही केलीत?

विचारतो, कारण सेलूच्या माझ्या मावसभावाचं असंच झालं. त्यानं जुनी कार घेतली. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, एजंटानं तसाच पुढं लावला. बोनस माणसाचा असतो, गाडीबरोबर येत नाही. कंपनीला ते कळलं आणि पॉलिसी रद्द झाली. कापूस वेचणी चालू होती, भाऊ रानात. एजंट बांधावरच कागद घेऊन आला: "इथं सही करा, पैसे लवकर येतील." कागद इंग्रजीत होता. त्यात लिहिलेलं, "माझ्या विनंतीवरून पॉलिसी रद्द करावी." एका सहीनं कंपनीचं रद्द करणं त्याच्या नावावर गेलं आणि तक्ता लागला. खाली परतावा जमा करायचं खातं कुणाचं? एजंटाचं! 1938 च्या विमा कायद्याचं कलम 64 व्हीबी स्पष्ट सांगतं की परतावा थेट विमाधारकाला द्यायचा, एजंटाच्या खात्यात कदापि नाही. आम्ही कंपनीची नोटीस जोडून तिच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवलं. फरकाचे पैसे भावाच्या खात्यात आले. मला ते पाहून अजूनही चीड येते, कारण तो माणूस घरातला म्हणून वावरत होता.

पुण्याचं म्हणाल तर हेलपाटे नकोत. आधी कंपनीला लेखी तक्रार, दाद नाही मिळाली तर बीमा भरोसा, हे आयआरडीएआयचं तक्रारींचं पोर्टल. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा नकार आला, तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्यांकडे, अर्ज टपालानंही जातो, फी नाही. किंवा तुमच्या जालन्यातलाच जिल्हा ग्राहक आयोग. 2019 च्या कायद्यानं तुम्ही राहता तिथंच तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही.

एक मात्र आजच करा. परताव्याची वाट न बघता निदान थर्ड पार्टी (समोरच्याच्या नुकसानीची) पॉलिसी काढा, आणि ती हातात येईपर्यंत गाडी बाहेर काढू नका. विम्याशिवाय गाडी चालवली तर पहिला दंड 2,000 रुपयांचा आहे, पण मला भीती अपघाताची आहे. समोरच्याची भरपाई शेत विकूनही फिटत नाही.

नोटीस आणि तुम्ही सही केलेला कागद, दोन्हींचे फोटो पॉलिसी नंबर झाकून पाठवा. तक्रारीचा मसुदा मी लिहून देतो.