आमच्या घरात रेकॉर्ड शिजतात

पुण्याला भाचीच्या वास्तुशांतीला गेलो होतो. दिवाणखान्यात टीपॉयवर एक काळीभोर, मुरडलेली वाटी होती आणि वाटीत खडीसाखर. बघितलं तर ती रेकॉर्ड! गाण्याची. मधला लाल कागद तसाच, कडा मात्र पापड भाजताना मुरडतो तशा वर आलेल्या. भाची म्हणाली, "मावशी, प्रदर्शनात घेतली. साडेसहाशेला."

साडेसहाशे! कापलेली नाही, शिवलेली नाही, नुसती वाकवलेली. आमच्या घरी ट्रंकेत अशा एक्केचाळीस पडल्यात. येताना दौंडला मी गुणाकार केला, सव्वीस हजार सहाशे पन्नास झाले. कुर्डुवाडी येईपर्यंत त्यातले बरेचसे खर्चही झाले होते.

रेकॉर्डी मामांच्या. मामा म्हणजे माझे सासरे. गिरणीत साचे खात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर होते. दर दिवाळीला बोनस झाला की एक नाहीतर दोन रेकॉर्डी आणायचे. घरात लाल रंगाचा फिएस्टा प्लेअर होता, म्हणे. तो माझ्या लग्नाच्या आधीच बिघडला, मग कुणीतरी दुरुस्तीला नेला, आणि नेणारा आणि प्लेअर दोघंही परत आले नाहीत. पुढे कॅसेटी आल्या, कॅसेटीही गेल्या, गिरणी बंद पडली, भोंगा थांबला. रेकॉर्डी मात्र सोलापुरी चादरीत गुंडाळून लोखंडी ट्रंकेत राहिल्या. ती चादर तेवढी अजून नव्यासारखी आहे. सोलापुरी चादर फाटायची वाट बघणाऱ्याने दुसरा उद्योग शोधावा.

माझ्या लग्नाला बावीस वर्षं झाली. बावीस वर्षांत ती ट्रंक उघडताना मी कुणाला बघितलं नाही. तिच्यावर गाद्या, गाद्यांवर इस्त्रीचे कपडे, कपड्यांवर मांजर. पण मी जेवताना "त्या रेकॉर्डींच्या वाट्या करू या का?" एवढंच म्हटलं, आणि घरात माणसांना भावना फुटायला लागल्या. नवऱ्याला एकदम त्याचं बालपण आठवलं. आत्यांना (म्हणजे सासूबाईंना) त्यातल्या एका रेकॉर्डवर पाळण्यातल्या नणंदेला झोपवल्याचं आठवलं. नणंदेने पुण्याहून फोन करून "वहिनी, माझ्या आठवणी आहेत त्या" असं रडक्या आवाजात सांगितलं. मी म्हटलं, "ताई, पाठवून देते सगळ्या. ट्रंकेसकट." त्यावर ताईंना दारात कुणीतरी आलंय असं वाटलं.

मामांनी दोन दिवस काहीच ऐकू आलं नाही असं दाखवलं. साच्यांच्या खडखडाटात त्यांचा डावा कान गेलाय, ते खरं आहे. पण उजवा कान फार समजूतदार आहे, त्याला हवं तेवढंच ऐकतो. तिसऱ्या दिवशी त्यांनी वहीचा एक कागद माझ्या हातात दिला. वर मध्ये रेघ मारून दोन रकाने: 'द्यायच्या' आणि 'न द्यायच्या'. 'न द्यायच्या' खाली अडतीस नावं. 'द्यायच्या' खाली तीन. पहिली कड तुटलेली. दुसरी घरबसल्या इंग्रजी बोलायला शिका अशा छापाची. तिसरी आत्यांच्या माहेरून, त्यांच्या भावाने १९७४च्या दिवाळीला भेट दिलेली.

"माझ्याच भावाची बरी सापडली," आत्या म्हणाल्या.

हे वाक्य मामांच्या डाव्या कानाच्या बाजूने आलं.

आधी पहिली घेतली. आकाराने लहान, पण हाताला चांगली जड. गॅसवर तवा तापवला, त्यावर भगुलं पालथं घातलं, भगुल्यावर रेकॉर्ड ठेवली आणि मऊ होईल म्हणून वाट बघत बसले. वास यायला लागला, पोस्टात पाकिटाला लाखेची मोहर लावताना येतो तसा. झालीच असेल म्हणून कड जरा खाली दाबली आणि 'टक' असा आवाज झाला. रेकॉर्डीचे तीन तुकडे. एक ओट्यावर, एक सिंकमध्ये, एक माझ्या हातात.

मामा आतून आले. त्यांना बरोबर ऐकू आलं होतं. "अगं, ही अठ्ठ्याहत्तरची. ही लाखेची असते. लाख आणि दगडाची भुकटी. ती वाकते होय! मोडते. लांब वाजणारी घे, बारा इंची. ती प्लॅस्टिकची." मग त्यांनी तिथेच, तुकडे हातात धरून, सगळा इतिहास सांगितला. अठ्ठ्याहत्तरची मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे घेते म्हणून तसं नाव, एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं, एक गाणं संपलं की उठा. लाँग प्ले अमेरिकेत १९४८ साली निघाली, ती मिनिटाला सव्वातेहतीसच्या जरा वर फेरे घेते आणि एका बाजूला वीस-बावीस मिनिटं चालते. आणि शेवटी त्यांचा तो प्रश्न. हा प्रश्न त्यांनी माझ्या माहेरच्यांना बैठकीतही विचारला होता: "एका बाजूला खाचा किती असतात, सांगा बघू?"

माझ्या वडिलांनी तेव्हा "दोन-तीनशे?" म्हटलं होतं.

"एक!" मामा विजयाने म्हणतात. "एकच. बाहेरून आत गुंडाळत जाते. सरळ केली तर अर्धा किलोमीटरच्या आसपास भरेल."

(लग्न तरीही जमलं.)

दुसरी, म्हणजे इंग्रजीवाली, खरी बारा इंची होती आणि तिथेच घोडं अडलं. आमचा ओव्हन केकपुरता. त्यात ती आडवी जाईना, उभी जाईना, तिरकी तर नाहीच नाही. मी दार उघडं ठेवून अर्धी आत, अर्धी बाहेर असाही प्रयोग करून बघितला. अर्धी वाटी करून काय उपयोग? मग मला बेकरी आठवली. दिवाळीला आम्ही नानकटाईचं पीठ घेऊन जातो तीच. पिशवीतून रेकॉर्ड काढून काउंटरवर ठेवली. बेकरीवाल्याने ती उलटसुलट करून बघितली. "वैनी, ह्याच्यात काय भरायचंय?" मी म्हटलं, काही नाही, नुसती जरा भट्टीत ठेवून मऊ करून द्या. त्याने ती परत पिशवीत घातली, पिशवी माझ्या हातात दिली आणि गल्ल्यावरच्या पोराला म्हणाला, "वैनींना एक पाव खारी दे." गिऱ्हाइकाला इतक्या सभ्यपणे मी कुठे हाकललेलं पाहिलं नाही.

राहिलं गरम पाणी. आणि इथे मी खरा गुन्हा केला. सोलापुरात पाणी म्हणजे काय, हे बाहेरच्याला कळायचं नाही. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं. आमच्याकडे सोमवार-मंगळवार नसतात, पाण्याचा दिवस असतो आणि पाण्याच्या आदला दिवस असतो. लग्नाची तारीखसुद्धा नळाला विचारून काढणारी घरं आहेत. मी पाण्याच्या आदल्या दिवशी, पिंपाने तळ दाखवलेला असताना, तीन भगुली पाणी उकळून ते तांब्याच्या घंगाळात ओतलं आणि त्यात रेकॉर्ड बुडवली.

ती मऊ झाली, नाही म्हणत नाही. पण पाण्यातली मऊ रेकॉर्ड ही चीज सांडशीत धरायची नसते. मी धरली. ती ओल्या पापडासारखी लोंबली, तिची एक कड दुसरीला चिकटायला गेली, ते सोडवायला मी दुसऱ्या हातात चिमटा घेतला, आणि एवढ्यात आत्या आंघोळीला आल्या. घंगाळाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, सांडशीकडे बघितलं.

"काय करलालीस ग?"

त्या प्रश्नाला उत्तर देईपर्यंत रेकॉर्ड गार झाली. वाटी नव्हे, करंजी झाली होती. पातळ सारणाची, तळताना फुटलेली. आत्यांनी त्या दिवशी आंघोळ केली नाही आणि ही गोष्ट संध्याकाळपर्यंत तीन घरांत पोचवली. शेजारच्या तेलुगू अक्का मुद्दाम बघायला आल्या. त्यांनी करंजी हातात घेऊन बराच विचार केला आणि म्हणाल्या, "छान आहे. पण काय आहे?" आमचे चिरंजीव आतल्या खोलीत मित्राला फोनवर सांगत होते, "आमच्या घरात रेकॉर्ड शिजवलालेत बे."

दुसऱ्या दिवशी पाणी आलं आणि पाण्याबरोबर नेहमीप्रमाणे काहीतरी गळायला लागलं, म्हणून नळवाला आला. हा गच्चीवरच्या टाकीचा पाइप जोडत होता आणि मी कपडे वाळत घालत होते. त्याने पाइपाचं टोक जाळावर, जरा लांबूनच, गोल गोल फिरवलं, ते मऊ झालं, दुसऱ्या पाइपावर दाबून बसवलं आणि हात पुसले. संपलं काम. मी चिमटे हातात धरून बघतच राहिले. मग धावत खाली जाऊन आत्यांच्या भावाची रेकॉर्ड घेऊन आले.

"हे काय करायलाव वैनी?"

मी सांगितलं. त्याने रेकॉर्ड नखाने वाजवून बघितली. "हा पाइपच आहे की. पीव्हीसी. नुसता चपटा." पाच आठवडे मी ज्या वस्तूशी झगडत होते तिची ओळख त्याने पाच सेकंदांत पटवली. त्याने धान्याचा स्टीलचा डबा पालथा घातला, त्यावर रेकॉर्ड बरोबर मध्यावर ठेवली, वर आमचा लोखंडी खलबत्ता ठेवला आणि मग आग हातभर लांब धरून कडेकडेने फिरवायला लागला. "जवळ न्यायची नाही. आणि घरात तर बिलकुल नाही. करपलं की जो धूर येतो ना, त्यात आम्ल असतं, डोळे चुरचुरतात, छातीत जातो. गच्चीवर, वाऱ्याला पाठ करून." मला माझा स्वयंपाकघरातला तवा आठवला. लाखेची होती म्हणून निभावलं म्हणायचं.

आणि मग ते झालं. कडा आधी थरथरल्या, मग एक बाजू सावकाश खाली आली, मग दुसरी, धुतलेली चादर दोरीवरून खाली यावी तशी. त्याने हातात जुने मोजे घालून चार ठिकाणी चुण्या दाबल्या. मिनिटभरात गार. उलटी केली तर वाटी. अस्सल. पळसाच्या पानाचा द्रोण काळ्या रंगात असता तर असाच दिसला असता. मी त्याला पाइपाचे पैसे दिले आणि वाटीचे विचारले. तो म्हणाला, "त्याचे काय घ्यायचे वैनी, त्यात पाणी थोडंच जाणार आहे?"

खरंच होतं ते. वाटीच्या बुडाला भोक होतं. रेकॉर्डीला भोक असतं हे मला माहीत होतं, पण वाटीला असणार हे काही माझ्या लक्षात आलं नव्हतं. पहिल्या दिवशी कौतुकाने मी तिच्यात शेंगाची चटणी काढली. जेवणं होईपर्यंत टेबलावर वारुळासारखा लाल ढीग झाला. मामा म्हणाले, "खायचं त्यात ठेवूच नये. तसलं प्लॅस्टिक ते." मग कापूर, रबर, सुटे पैसे. रुपयाचं नाणं भोकातून पडत नाही, हा त्या वाटीचा एकमेव गुण. आत्या मात्र येईल त्याला सांगायला लागल्या, "माझ्या भावाची आहे." त्या आवाजात अभिमान होता की तक्रार, हे मला अजून कळलेलं नाही. मामा दुपारी एकटे असले की वाटी उजव्या कानाशी धरून खाचेवरून नख फिरवतात. मी पाहिलंय, पण ते मला दिसलं नाही असं आमचं ठरलंय.

इथे हे संपायला हवं होतं. पण तोपर्यंत मे उजाडला होता, पारा त्रेचाळीसवर होता, आणि या घरात मेमध्ये प्रत्येक वस्तूला ऊन दाखवायची पद्धत आहे. गहू, डाळी, गाद्या, लोकरीचे कपडे, लोणच्याच्या बरण्या. आत्यांच्या मते उन्हाने बरा होत नाही असा पदार्थ देवाने केलेला नाही. मी आणि हे अक्कलकोटला दर्शनाला गेलो होतो. आत्यांनी ट्रंक उघडली. उघडल्यावर कुबट वास आला. वहीतल्या त्या कागदाने 'न द्यायच्या' म्हणून राखलेल्या अडतीस रेकॉर्डी त्यांनी काढल्या, एकेक कागदी पाकिटातून बाहेर घेतली, ओल्या फडक्याने पुसली, आणि गच्चीवर धोतराच्या पानावर, कुरडयांच्या शेजारी, ओळीने मांडली. कावळे येतील म्हणून वर चार-चार खडेसुद्धा ठेवले.

आम्ही चारला आलो. लाखेच्या सोडल्या तर एकही रेकॉर्ड जमिनीला नीट टेकलेली नव्हती. काही मध्ये फुगलेल्या, काही कडेने उचललेल्या, एकीच्या खाली चुकून कुरडईचा सोऱ्या राहिला होता, तिने तर त्याचा हुबेहूब साचा घेतला होता. मी सव्वा महिना गॅस, पाणी, भट्टी आणि आग यांच्या नादी लागले होते. सोलापूरचं ऊन फुकटात बसलेलं होतं, ते मला सुचलं नाही.

मामा गच्चीवर आले. पाच मिनिटं काही बोलले नाहीत. आत्या कुरडयांकडे बघत होत्या. मला वाटलं, आता निदान वाट्या तरी करायला मिळतील. पण मामा वाकले, एकेक रेकॉर्ड दोन्ही हातांनी उचलली आणि म्हणाले, "सपाट होतील. काचेच्या मध्ये दाबून ठेवायच्या."

तेव्हापासून आमचं घर रेकॉर्डी दाबतंय. जुन्या खिडक्यांच्या काचा निघाल्या. काचांवर पाटा, वरवंटा, ज्वारीचं पोतं. काचा संपल्या तेव्हा प्लायवूड. गादीखाली प्रत्येकाच्या वाट्याला चार-चार आल्यात, मी कमरेपाशी दोन आणि खांद्यापाशी दोन घेऊन झोपते. कूस बदलली की मामा दुसऱ्या खोलीतून विचारतात, "हलली का?" कसं ऐकू येतं कोण जाणे.

परवा पाण्याचा दिवस होता. नळवाला आला, टाकीचा बॉल बदलला आणि जाताना दिवाणखान्यातला तो काचांचा, पोत्यांचा आणि पाट्यांचा डोंगर बघून थांबला. सगळं ऐकून घेतलं. मग मामांना म्हणाला, "पण बाबा, सरळ झाल्यावर लावणार कशावर?"

घरात शांतता पसरली. बाहेर नळाची धार भांड्यात पडत होती तेवढीच.

"काय म्हणाला?" मामांनी मला विचारलं.

"चहात साखर जरा जास्त घाला म्हणतोय," मी म्हटलं आणि आत गेले.