हेवीवेट सोडा, खालच्या वजनात बोला

जुने बॉक्सर भारी की आताचे, हा वाद आमच्याकडे माइक टायसनवरनं सुरू होतो आणि टायसनवरच संपतो. मालवणात घरामागच्या शेडमध्ये बॅग टांगलीय, संध्याकाळी गावातली पोरं हात चालवायला येतात, त्यांचं सगळं ज्ञान रील्सवरचं. पंधरा सेकंदात टायसन कुणालातरी आडवा करतो, मागे धडधड म्युझिक, विषय संपला. "काकानू, ह्या फ्युरीक टायसन एका राऊंडात लोळवतलो." (फ्युरी म्हणजे आजचा ब्रिटिश हेवीवेट, त्याचंही पहिलं नाव टायसनच.) आणि माझ्या वयाच्या मंडळींना अलीच्या पुढे कुणी दिसतच नाही, नाव काढलं की हात जोडायचे, चर्चा बंद. म्हटलं एकदा सविस्तर लिहू, तसंही माझं मत दोन्ही पार्ट्यांना पटणार नाहीये.

मला वाटतं हेवीवेटमध्ये आजचे जिंकतील, बहुतेक वेळा तरी. पण जिथे वजनाची मर्यादा असते त्या खालच्या गटांत जुने सरस होते, आणि तेही चांगल्या फरकाने. आपण भांडतो मात्र नेमकं हेवीवेटवर.

आधी हेवीवेटचंच उरकतो. रॉकी मार्सियानो, ४९ पैकी ४९ जिंकून १९५६ मध्ये रिटायर झालेला माणूस. १९५२ मध्ये तेव्हाचा चॅम्पियन वॉलकॉटला हरवून टायटल घेतलं तेव्हा त्याचं वजन १८४ पौंड, म्हणजे साधारण साडेत्र्याऐंशी किलो. आता आपल्याकडे कबड्डीत सिनियर पुरुषांना ८५ किलोची मर्यादा असते ना, तिथे मार्सियानो आरामात काट्यावर पास होऊन मैदानात उतरला असता! आणि डिसेंबर २०२४ मध्ये टायसन फ्युरी रियाधला रिंगमध्ये आला तो २८१ पौंडांचा, सव्वाशे किलोच्या वर, उंची सहा फूट नऊ इंच. ह्या दोघांना समोरासमोर उभं करून "कोण जिंकेल" विचारण्यात काय अर्थ आहे? आज मार्सियानो हेवीवेट लढलाच नसता, त्याच्या खालच्या क्रूझरवेटची मर्यादासुद्धा २०० पौंडांची आहे.

यावर लगेच उत्तर येतं की युक्रेनच्या उसिकने त्याच फ्युरीला हरवलं ना, ते पण पंचवीस किलोने हलका असून. हो हरवलं, एका वर्षात दोनदा हरवलं. पण उसिक सहा फूट तीन इंच आहे आणि त्या रात्री १०० किलोच्या वर होता. आजच्या हिशोबात तो लहान, १९५२ च्या हिशोबात राक्षस.

आता माइक टायसन. पोरांनो, मला पण आवडतो. २० व्या वर्षी, १९८६ च्या नोव्हेंबरात चॅम्पियन बर्बिकला असा पाडला की तो उठायचा आणि परत पडायचा, एकाच ठोशात दोन-तीनदा. पण टायसनची उंची होती पाच फूट दहा, त्याला आत घुसावंच लागायचं, आणि ज्याने ज्याने लांबनं जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) मारून, जवळ आला की मिठी मारून त्याला आत येऊ दिलं नाही तिथे तो अडकला. १९९० मध्ये टोकियोत बस्टर डग्लसने हेच केलं, २००२ मध्ये लेनॉक्स लुईसने हेच केलं (तेव्हा टायसन संपलेला होता, मान्य). फ्युरी तर मिठी मारून अंगावर झोपण्यात मास्टर. पहिल्या दोन राऊंडात टायसनने उडवला तर उडवला, नाहीतर नंतर कंटाळवाणी फाईट होऊन फ्युरी पॉइंट्सवर जिंकणार. रील बनणार नाही तिचं.

बाय द वे हा "कोण जिंकेल" चा खेळ आपण शोधलेला नाही. १९६९ मध्ये अली आणि रिटायर झालेला मार्सियानो यांनी खरोखर एकत्र शूटिंग केलं, वेगवेगळे शेवट चित्रित केले आणि निकाल म्हणे कॉम्प्युटर देणार. मार्सियानोने त्यासाठी वजन उतरवलं, डोक्यावर टोप पण चढवला. ऑगस्टमध्ये बिचारा विमान अपघातात गेला आणि जानेवारी १९७० मध्ये फिल्म थिएटरात लागली तेव्हा तेराव्या राऊंडला मार्सियानो जिंकला. युरोपात दाखवली त्यात अली जिंकला! कॉम्प्युटरचं जर हे, तर चहाच्या टपरीवरच्या आपल्या गजालींचं काय घेऊन बसलात.

खरी मजा खालच्या वजनात आहे. तिथे शरीराचा फरक काट्यावरच संपतो, १४७ पौंडांचा वेल्टरवेट १९४३ मध्येही १४७ चाच होता. मग उरतं काय, तर कोणाला जास्त येतं. आणि ते यायला फाईट्स लागतात, तिथे जुन्यांना तोड नाही.

एकच महिना सांगतो. फेब्रुवारी १९४३, शुगर रे रॉबिन्सन, तोपर्यंत ४० पैकी ४० जिंकलेला. ५ तारखेला जेक लामोटाकडून हरला, लामोटा त्याच्यापेक्षा सातेक किलोने जड. पहिली हार, तोंडावर. १९ तारखेला दुसऱ्याच माणसाशी लढून जिंकला. आणि २६ तारखेला परत लामोटा समोर, आणि ह्या वेळी जिंकला. तीन आठवड्यांत तीन फाईट्स, त्यातल्या दोन आपल्यापेक्षा वरच्या वजनाच्या माणसाशी! आज एवढा मोठा फायटर हरला तर प्रेस कॉन्फरन्स, मग कोच बदलणार, मग वर्षभर "कमबॅक" ची डॉक्युमेंटरी. रॉबिन्सन त्यानंतर १९५१ पर्यंत परत हरलाच नाही, ९१ फाईट्स. एकूण दोनशेच्या आसपास लढला. अमेरिकेचा टेरेन्स क्रॉफर्ड आपल्या काळातला मला सगळ्यात आवडलेला माणूस, ४२ फाईट्स आणि एकही हार नाही, पण ४२ म्हणजे रॉबिन्सनची नुसती सुरुवात हो. जी गोष्ट दीडशेव्या फाईटला कळते ती ४२ मध्ये कशी कळणार?

दुसरं म्हणजे टायटल्स. हेन्री आर्मस्ट्राँगकडे १९३८ मध्ये एकाच वेळी तीन वजनांचे टायटल होते, फेदर, लाइट आणि वेल्टर, आणि तेव्हा वजनगट होते सगळे मिळून आठ. म्हणजे जगातल्या आठ चॅम्पियनपैकी तीन हाच! आज गट सतरा आणि प्रत्येक गटात चार संघटनांचे चार पट्टे, वर इंटरिम म्हणजे तात्पुरते वगैरे आहेतच. "चार वजनांचा वर्ल्ड चॅम्पियन" असं ऐकलं की मी आधी विचारतो कुठले चार आणि समोर कोण होतं.

एक मुद्दा मात्र माझ्या विरोधात जातो, तो लपवत नाही. तेव्हा वजन फाईटच्या दिवशी सकाळी व्हायचं, आता आदल्या दिवशी होतं. पोरं पाणी तोडून, घाम गाळून काट्यावर ६६ किलो दाखवतात आणि दुसऱ्या दिवशी रिंगमध्ये येतात ते सत्तरी ओलांडून. म्हणजे आजचा वेल्टरवेट रॉबिन्सनसमोर उभा केला तर तो खरं तर वरच्या गटातला, मिडलवेटच असणार. तरी मी म्हणेन वजन त्याच दिवशी सकाळी करा आणि मग बघू.

आणि राऊंड्स. पूर्वी टायटल फाईट पंधरा राऊंडची. ज्याला हे "तीनच तर राऊंड जास्त" वाटतं त्याने मे महिन्यात माझ्या शेडमध्ये यावं. वर पत्रा, वारा बंद, हवेत एवढा दमटपणा की हाताचे रॅप्स पहिल्या राऊंडातच पिळायला येतात, आणि चांगली फिट पोरं, पहाटे रापण ओढणारी, तिसऱ्या राऊंडला पॅडवर नुसता हात ठेवतात, ठोसा नसतोच तो. १९५२ च्या जूनमध्ये न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियमला चाळीस डिग्रीच्या आसपासच्या उकाड्यात रॉबिन्सन जोई मॅक्सिमशी लढला, मॅक्सिम लाइट हेवीवेटचा चॅम्पियन, रॉबिन्सन पॉइंट्सवर पुढे. दहा राऊंड झाल्यावर रेफरीच उकाड्याने आडवा, दुसरा रेफरी आणला. तेरावा राऊंड संपल्यावर रॉबिन्सन स्टुलावरनं उठला नाही. मी ती फाईट हार म्हणून मोजतच नाही, कोण काय म्हणायचं ते म्हणो.

पण पंधरा राऊंड परत आणा म्हणणाऱ्यांच्या बाजूचा मी नाही हां. नोव्हेंबर १९८२ मध्ये लास वेगासला अमेरिकेच्या मॅन्सिनीसमोर दक्षिण कोरियाचा किम दुक-कू चौदाव्या राऊंडला पडला आणि चार-पाच दिवसांत गेला. त्यानंतरच बारा राऊंड आले. अलीला १९८४ मध्ये पार्किन्सन्स निघाला, रॉबिन्सन शेवटी अल्झायमर्सने गेला. जुन्यांना एवढं का येत होतं ते मी वर सांगितलं, त्याचे पैसे असे चुकते झाले. म्हणून "आजचे पळपुटे" असलं कुणी लिहिलं की मला राग येतो. वर्षातनं दोनदा लढून कोणी पन्नाशीत शुद्धीवर राहत असेल तर राहू दे की.

राग येतो तो शून्याच्या वेडाचा. अमेरिकेचा मेवेदर ५० फाईट्स करून एकही न हरता रिटायर झाला, तेव्हापासून सगळ्यांना रेकॉर्डमध्ये शून्य सांभाळायचंय, त्यामुळे ज्याच्याशी लढायला हवं त्याच्याशी पाच वर्षं बोलणीच चालतात. फिलिपिन्सच्या पॅकियाओबरोबरची त्याचीच फाईट घ्या, २०१५ मध्ये झाली, तोवर दोघांची पस्तिशी उलटलेली. ह्याला अपवाद म्हणजे जपानचा इनोउए. २०२५ मध्ये चार वेळा लढला, मे महिन्यात कार्डेनासने दुसऱ्याच राऊंडात खाली बसवला, उठून आठव्याला संपवला त्याला. हा माणूस कुठल्याही काळात चॅम्पियन झाला असता, १९३८ मध्ये सुद्धा.

आता अली. अलीवर लिहिल्याशिवाय ही पोस्ट तुम्ही सोडणार नाही. माझा अली १९७४ चा, किन्शासात फोरमनला हरवणारा नाही, १९६६ चा आहे, पाय जमिनीला लागत नव्हते तेव्हाचा. उसिकशी त्याची उंची सारखी, वेग सारखा, आकाराचा प्रश्नच नाही, म्हणून हेवीवेटमध्ये हीच एक तुलना मला करावीशी वाटते. आणि इथे मी उसिकच्या बाजूने आहे, बारा राऊंड, पॉइंट्सवर. कारण उसिक डावखुरा. त्याच १९६६ च्या सप्टेंबरात फ्रँकफर्टला कार्ल मिल्डेनबर्गर नावाचा जर्मन डावखुरा अलीसमोर आला होता, फार मोठा फायटर नव्हे, पण अलीला त्याचा अंदाज यायला बराच वेळ लागला, फाईट बाराव्या राऊंडपर्यंत गेली. मिल्डेनबर्गरने ज्याला एवढं दमवलं त्याला उसिक किती दमवेल?

पंधरा राऊंडची ठेवली तर मात्र माझे पैसे अलीवर.