पलंगाखालचा गालिचा वाया जातो का? – एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

बेडरूममधला गालिचा शक्यतो लोकरीचा असावा आणि तो पलंगाच्या दोन-तृतीयांश भागाखाली सरकवावा, असं मी लेखात सुचवलं होतं. त्यावर तुमचे चार आक्षेप आहेत. एक, गालिच्याचा बराचसा भाग पलंगाखाली वाया जातो, त्यापेक्षा दोन बाजूंना दोन रनर, म्हणजे लांबट अरुंद गालिचे, पुरेत. दोन, खाली धूळ साठते आणि ती काढता येत नाही. तीन, बॉक्सच्या पलंगाला हा सल्ला लागूच पडत नाही. चार, ताग स्वस्त आणि टिकाऊ असताना लोकरीचा आग्रह कशाला? चारही प्रश्न रास्त आहेत, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी हिशेब करू. दोन-तृतीयांश हे माप पलंगाचं आहे, गालिच्याचं नव्हे. पलंग ६ फूट रुंद आणि हेडबोर्डसकट ७ फूट लांब धरा. ९ बाय ६ चा गालिचा आडवा घातला, म्हणजे ९ फुटांची बाजू पलंगाच्या रुंदीला समांतर ठेवली, आणि उशाकडच्या भिंतीपासून अडीच फुटांवर सुरू केला, तर पलंगाखाली ६ बाय साडेचार, म्हणजे २७ चौरस फूट जातात. एकूण ५४ पैकी निम्मे. बाहेर दोन्ही बाजूंना दीड-दीड फूट आणि पायथ्याशी दीड फूट उरतो. आता ६ बाय अडीचचे दोन रनर घ्या, त्यांचे ३० चौरस फूट होतात आणि सगळे वापरात येतात. तेव्हा नुसत्या क्षेत्रफळाच्या हिशेबात तुमचं म्हणणं बरोबर आहे आणि पैसेही वाचतात. तरीही माझा कल मोठ्या गालिच्याकडेच आहे. कारण क्षेत्रफळापेक्षा मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की पाय कुठे पडतो आणि तिथे गालिचा हलतो का.

हे घरीच तपासून बघा. नेहमी झोपता त्या बाजूला पलंगाच्या काठावर बसा, पाय खाली सोडा आणि टाचा व बोटं टेकतात तिथे मास्किंग टेप लावा. मग उठून नेहमीच्या वाटेने दोन पावलं टाका आणि तिथेही टेप लावा. बहुतेकांचे पाय पलंगाच्या लांबीच्या मधल्या भागात पडतात. बोटांची खूण पलंगाच्या काठापासून साधारण फूट-सव्वा फुटावर येते आणि दुसरं पाऊल त्याच्याही पलीकडे. गालिच्याची कड नेमकी या खुणेवर आली, तर अर्धा पाय वर आणि अर्धा खाली राहतो. अंधारात अडखळायला एवढं पुरतं. म्हणून बाजूला किमान दीड फूट हवा, दोन असेल तर उत्तम. तेवढी जागा नसेल तर त्या बाजूला गालिचा न घातलेलाच बरा.

रनर इथेच दगा देतो. तो अरुंद आणि हलका असतो, उठताना पाय त्याला तिरपा रेटतो, आणि गुळगुळीत फरशीवर काही दिवसांतच तो वाकडा झालेला दिसतो. मोठा गालिचा पलंगाच्या वजनाखाली दाबलेला असतो, म्हणून हलत नाही. तुम्ही वाया गेलेला म्हणता तो भाग हे काम करत असतो. रनरच घ्यायचे ठरवलंत, तर पलंगाला पाय असल्यास आतली कड ६ ते ९ इंच पलंगाखाली सरकवा आणि खाली अँटी-स्किड मॅट, म्हणजे गालिचा घसरू न देणारं अस्तर, घाला. मॅट चारही बाजूंनी इंचभर लहान कापायची, नाहीतर ती कडेने डोकावते आणि गालिच्याचा काठ उचलला जातो. नुसत्या फेल्टची, म्हणजे दाबून केलेल्या जाड कापडाची, मॅट टाइल्सवर घसरते. खालची बाजू रबराची हवी. फरशी व्हिनाइलची (प्लास्टिकची) असेल तर मात्र रबर टाळा. त्याचे पिवळट डाग पडतात आणि ते निघत नाहीत. व्हिनाइलला चालेल असं स्पष्ट लिहिलेलीच मॅट घ्या.

खोली अरुंद असेल, एक बाजू भिंतीला लागून असेल किंवा पलंग आणि कपाट यांच्यात जेमतेम दोन फूट असतील, तर रनरच योग्य. तिथे मोठ्या गालिच्याची कड कपाटाच्या दाराखाली येते. दार आणि फरशी यांच्यातली फट मोजा. गालिचा आणि मॅट यांची मिळून जाडी तिच्यापेक्षा निदान ३-४ मिलिमीटरने कमी हवी. खोलीच्या दारालाही हाच नियम.

बॉक्सच्या पलंगाबद्दल तुमचं म्हणणं मान्य, फक्त त्यामागचं कारण समजून घ्या. पाय असलेल्या पलंगाखाली गालिचा दोन-तृतीयांश गेला, की पायथ्याचे पाय त्यावर येतात आणि उशाकडचे फरशीवर राहतात. गालिचा १२ मिलिमीटरचा असेल, तर उंचीत साधारण तेवढाच फरक पडतो. उशाकडच्या पायांखाली तेवढ्याच जाडीचे प्लायचे तुकडे ठेवले की काम भागतं. रुंद पलंगाला मध्ये आधाराचा पाय असतो, तोही पाहा. तो गालिच्यावर आणि उशाकडचे पाय खाली राहिले, तर वजन मधल्या पायावर येतं आणि पलंग कुरकुरायला लागतो. बॉक्सचा तळ सबंध जमिनीला टेकलेला असतो. गालिच्याच्या कडेपाशी तो अधांतरी राहतो, तिथे फळीवर ताण येतो आणि बाजूचे ड्रॉवर गालिच्याच्या लवेला, म्हणजे वरच्या उभ्या धाग्यांना, घासतात. म्हणून तिथे गालिचा पलंगाखाली घालूच नका. बाजूला रनर घाला, तेही ड्रॉवर उघडतील एवढे पातळ. ५-६ मिलिमीटरची सुती सतरंजी बहुधा बसते, पण आधी ड्रॉवरखालची फट मोजा.

धुळीचं म्हणाल तर पलंगाखाली ती गालिचा नसला तरी साठतेच. फरक एवढाच की फरशीवरची झाडूने निघते आणि लवेतली व्हॅक्यूमशिवाय निघत नाही. त्यामुळे प्रश्न पलंगाच्या उंचीचा आहे. व्हॅक्यूमचं चपटं तोंड आत शेवटपर्यंत जात नसेल, तर तिथे गालिचा नको. लोकरीच्या गालिच्याला आणखी एक धोका असतो. अंधाऱ्या, न हलवलेल्या जागी कसर लागते. दर दोन-तीन महिन्यांनी पायथ्याची कड उचलून मागची बाजूही व्हॅक्यूम करा आणि सहा महिन्यांनी गालिचा अर्धा फेरा फिरवून डावी बाजू उजवीकडे आणा, म्हणजे झिजणं आणि उन्हाने विटणं दोन्ही बाजूंना सारखं होईल. घरात कुणाला धुळीची ॲलर्जी किंवा दमा असेल, तर लवेचा गालिचा बेडरूममध्ये आणूच नका. साठ अंश गरम पाण्यात धुता येईल अशी सुती सतरंजी घ्या. त्या तापमानाला धुळीतले सूक्ष्म किडे मरतात. आटण्याची शक्यता धरून चार-सहा इंच मोठीच घ्या.

राहिला ताग. तो टिकाऊ आहे, पण कोरड्या जागी. पाणी सांडलं की डाग काळपट होऊन बसतो, आणि सकाळी अनवाणी पायाला तो टोचतो. मला विचाराल तर बेडरूममध्ये हीच गोष्ट सगळ्यात जास्त खटकते. लोकर दाबली तरी पुन्हा उभी राहते, म्हणून पलंगाच्या पायांचे खड्डे वाफेने आणि बोटांनी बरेचसे भरून येतात. सुरुवातीचे काही महिने तिची लव सुटते, ते स्वाभाविक आहे. एखादा धागा वर आला तर ओढू नका, कात्रीने कापा. लोकर परवडत नसेल तर पॉलिप्रॉपिलीन हा प्लास्टिकचा धागा चालेल. ते पाणी शोषत नाही, मात्र दाबलेलं तितकंसं उठत नाही. व्हिस्कोजची, म्हणजे रेशमासारख्या दिसणाऱ्या कृत्रिम धाग्याची, चमक पाहून मोहात पडू नका. ओलं झालं की त्याचे धागे कमकुवत होतात आणि नुसत्या पाण्याचाही डाग राहतो.

तुमच्या खोलीची मापं, पलंगाची उंची, दाराखालची फट आणि फरशी कसली आहे हे कळवलंत, तर कोणता आकार बसेल ते नेमकं सांगता येईल.