अमन लॉजवरच्या त्या अर्ध्या तासाबद्दल

नमस्कार ताई,

आपला अभिप्राय वाचला. मी दोनदा वाचला, मग बायकोनं मोठ्यानं वाचून दाखवला. आमच्या माथेरान सहलीतला रविवार आपल्या घरच्यांना आनंदाचा गेला नाही, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. उपमा गार होता, कबूल. आणि आमच्या पोस्टरवर घाटाच्या वळणावरची मिनी ट्रेन आहे, तिच्यात बसायचं म्हणून आलेल्या माणसाला नुसत्या अमन लॉज ते माथेरान या शेवटच्या छोट्या टप्प्याच्या शटलवर समाधान मानावं लागलं की हिरमोड होणारच. तो फोटो मीच काढलेला आहे, जानेवारीत. ऑगस्टच्या सहलीला तो लावायला नको होता.

पण ‘नेरळची गाडी दाखवून शटलवर बोळवण केली, शुद्ध फसवणूक’ आणि ‘अमन लॉज स्टेशनात अर्धा तास रखडवलं, वर इतिहासाचं लेक्चर’ ही दोन वाक्यं जिव्हारी लागली. पहिल्याचं थोडक्यात सांगतो. नेरळ ते अमन लॉज गाडी पावसाळ्यात बंद असते. दर वर्षी. ती मी बंद करत नाही, रेल्वे करते, आणि कारण आहे म्हणून करते. 26 जुलै 2005 च्या पावसात हा मार्ग वाहून गेला तो 2007 साली पुन्हा सुरू झाला. 2019 च्या पावसात परत तेच झालं आणि नेरळहून गाडी निघायला ऑक्टोबर 2022 उजाडला. पावसाळ्यात वर धावतं ते शटल, आणि ‘पावसाळ्यात फक्त शटल’ ही ओळ बुकिंगच्या मेसेजमध्ये होती. अक्षर बारीक असेल, पण होती.

आता तो अर्धा तास.

ताई, आपल्याला पुण्याच्या चांदणी चौकातून सकाळी 6 वाजता घ्यायचं ठरलं होतं. नवा पूल झाल्यापासून तिथं नेमकं कुठल्या बाजूला उभं राहायचं हे मलाही पहिले काही महिने उमगत नव्हतं, म्हणून आदल्या रात्री लोकेशन पाठवलं. ‘दोन मिनिटांत पोचतो’ असे तीन फोन झाले आणि आपण गाडीत बसलात तेव्हा 6 वाजून 38 मिनिटं झाली होती. बाकीचे अकरा जण स्वारगेट आणि डेक्कनहून वेळेवर चढले होते, त्यात पहाटे साडेचारला उठलेलं एक लहान मूल होतं. मी कुणाला काही बोललो नाही, आपल्यालाही नाही. पुढे खोपोली, कर्जत, नेरळ करत घाट चढेपर्यंत मुंबईची रविवारची गर्दी आमच्या आधी दस्तुरीला, म्हणजे गाड्या ठेवायच्या वरच्या नाक्यावर, पोचली होती. अमन लॉजला तिकिटाच्या रांगेत उभे होतो तेव्हा डोळ्यांदेखत गाडी शिटी मारून निघून गेली. फार तर दहा मिनिटांनी चुकली. ती 38 मिनिटं कुठं गेली असतील याचा हिशेब मी मांडत नाही.

बाकीच्या मंडळींना लाल मातीच्या वाटेनं चालत जाता आलं असतं, अडीच-तीन किलोमीटर तर आहे. पण आपल्या सासूबाईंचे गुडघे दुखत होते. मी सगळ्यांना विचारलं, सगळे थांबायला तयार झाले. एकानंही कुरकुर केली नाही. सोळा चहा मी स्वतःच्या खिशातून पाजले, तेही आपल्या अभिप्रायात नाहीत, असो.

आणि ते ‘लेक्चर’. गाडी येईपर्यंत लोक मोबाईलमध्ये डोकं घालून बसतात, म्हणून मी बोलायला लागलो. ठाण्याचा कलेक्टर मॅलेट 1850 साली वर आला तेव्हापासून गाव लोकांना माहीत झालं, पण चढायचं घोड्यावर नाहीतर पालखीत. सर आदमजी पीरभॉय यांच्या मुलानं, अब्दुल हुसेननं, वडिलांच्या पैशावर ही लाईन टाकली. खर्च सुमारे सोळा लाख, आणि 1907 साली गाडी सुरू झाली. रुळांमधलं अंतर अवघं दोन फूट, म्हणूनच ती घोड्याच्या नालासारख्या वळणांवर वळते. सासूबाईंनी विचारलं, ‘त्या बोगद्याला असलं नाव का?’ वन किस बोगद्याची गंमत मी सांगितली, इतका आखूड की आत एकच पापा घेऊन होतो, तेव्हा त्या पदर तोंडाला लावून हसल्या. त्या पंधरा मिनिटांत कंटाळलेलं मला तरी कुणी दिसलं नाही. माथेरान स्टेशनात उतरल्यावर त्यांनीच ‘थांबा, फलाट बघू’ म्हटलं. आपण तेव्हा बाजारात चपला बघत होतात.

एक दुरुस्ती. ही गाडी ‘युनेस्कोची’ असं मी कधीही म्हणत नाही. दार्जिलिंग 1999, निलगिरी 2005, कालका-शिमला 2008. माथेरान त्या यादीत नाही, आणि आमच्या पत्रकात तसं छापलेलंही नाही.

बाकीचं लवकर उरकतो. हॉटेलच्या दारापर्यंत गाडी नेली नाही, कारण दस्तुरीच्या पुढं कुणाचीच खासगी गाडी जात नाही. लुईसा पॉइंटवर धुकं होतं, पण धुक्याचे पैसे मी लावत नाही. उपमा पहाटे साडेतीनला होतो, न्याहारी ठरल्या वेळेला झाली असती तर कोमट तरी राहिला असता. 1,650 रुपयांत येण्याजाण्याची बस, दोन वेळचं खाणं, नगरपरिषदेचा कर आणि शटल हे सगळं होतं. यात मला काय उरतं ते विचारू नका, डिझेलचा भाव आपणही जाणता.

नऊ वर्षं हे करतोय, ऑगस्ट ते ऑक्टोबर हाच आमचा हंगाम. आपला एक तारा आल्यापासून दोन कुटुंबांनी पुढच्या रविवारचं बुकिंग रद्द केलं. आपण ते मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही.

पोस्टर बदलायला टाकलं आहे. शटलची ओळ मोठ्या अक्षरात येईल. थांब्यावर किती वेळ वाट बघायची याचाही काहीतरी नियम करायचा विचार आहे, न्याहारीचंही बघतो.

आपल्या चपलांची पिशवी गाडीत मागच्या सीटखाली राहिली होती. दुकानात ठेवली आहे, मी नसलो तर बायको देईल. सासूबाईंना नमस्कार सांगा.